फुलपात्रावरचं नाव

माझं फुलपात्र वैनीसाहेबांनी चिमट्यानं उचललं.

जखमेतला बोळा धरायचा लांब चिमटा असतो, त्यानं. दुपारची येळ व्हती. दवाखान्याच्या मागच्या पडवीत आमी सगळ्या डबं खात बसलो व्हतो. तीन सिस्टर, औषधाच्या दुकानातली पोरगी, झाडलोटीची शांताबाई आन् मी. माठावर माझं फुलपात्र व्हतं. लग्नात मावशीनं दिलेलं, वर माझं नाव कोरलेलं. वैनीसाहेब, डॉक्टरसाहेबांची बायको, एक कागद हातात घेऊन आल्या. माझ्याकडं बघितलंच न्हाई. चिमट्यानं फुलपात्र धरलं, हात लांब केला आन् कोपऱ्यातल्या लाल पिशवीत टाकलं. सलाईनच्या नळ्या, वापरलेल्या पिचकाऱ्या जातात त्या पिशवीत.

"सगळ्यांनी ऐका," त्या म्हणल्या. "हिच्या रक्तात कावीळ निघाली आहे. बी कावीळ. हिचं ताट-भांडं कुणी वापरायचं नाही. माठाला हिचा हात लागता कामा नये."

मला तिसरा महिना व्हता. रक्त तपासलं ते त्याच्यासाठीच. घास तोंडात, तो गिळावा का थुंकावा ते कळंना.

"आवं वैनीसाहेब, पर मला आली कुठनं?" मी इचारलं.

त्या हसल्या. "नवरा मुंबईला. वर्षातून दोनदा घरी येतो. कुठनं आली ते तुझं तुला माहीत. मी कसं सांगू?"

डॉक्टरसाहेब दारात उभं व्हतं. एवढं शिकलेलं माणूस. माठाच्या पाण्यानं ही कावीळ लागत न्हाई, हे त्यांना म्हाईत नव्हतं व्हय? खाली मान घालून आत गेलं. माझ्या शेजारी बसलेल्या शांताबाईनं आपला डबा फरशीवरनं हळूच लांब सरकवला. तो घासल्याचा आवाज अजून माझ्या कानात हाय.

आन् मज्जा बघा. ती लाल पिशवी भरली व्हती. बांधून खाली न्यायचं काम माझंच. मीच बांधली, मीच नेली. खाली गेल्यावर मातूर डोकं फिरलं. जाड हातमोजं मागून मागून थकले व्हते, कवा मिळालं न्हाईत. त्या दिशी सिस्टरच्या खोक्यातनं दोन जोड्या न इचारता उचलल्या, एकावर एक घातल्या, पिशवी सोडली आन् माझं फुलपात्र काढून घेतलं. ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवून ठेवलं, सांजच्याला घासलं आन् पदराखाली घरी आणलं.

हे सगळं एवढं का लागलं ते सांगते. परक्यानं मारलं तर माणूस शिवी देऊन मोकळं होतं. वैनीसाहेब मला परक्या नव्हत्या.

मी माण तालुक्यातली. आमी मेंढरं राखणारी माणसं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आन् मेंढरांमागं चालायचं, तवा शाळा कसली न् काय कसलं. लग्न झालं, आमचं मालक मुंबईला मार्केटात हमालीला गेलं. मी आत्याबाईंना, म्हणजे सासूला, गावात ठेवून कडेगावच्या बाजूला ह्या उसाच्या मुलखात कामाला आले. बाळंतपणाचा दवाखाना. दोन मजली, मागं त्यांचाच ऊस. डॉक्टरसाहेब बाळंतपणं करायचं आन् बाकी सगळा कारभार वैनीसाहेबांचा.

कामाला लागले त्या दिशी त्यांनी माझं रक्त तपासाया घेतलं, पगाराच्या कागदावर अंगठा घ्याया गेल्या आन् थांबल्या. "अगं, एवढीशी पोर आणि अंगठा? शोभतं का?" म्हणल्या. माझंच फुलपात्र समोर ठेवलं. "हे बघ, तुझं नाव तुझ्याच भांड्यावर लिहिलंय. बघून काढ." आठ दिस रोज दुपारी मला शेजारी बसवून त्यांनी सही शिकवली. त्यांचा हात माझ्या हातावर. पयली धड सही झाली तवा मी रडले. रात्रभर न्हाई, पण लय रडले. आयबानं दिलं न्हाई ते ह्या बाईनं दिलं, असं मी गावभर सांगत सुटले.

मला दिस गेल्याचं पयलं त्यांनाच सांगितलं. मालकाच्या आधी. "बाळंतपण आपल्याच दवाखान्यात," त्या म्हणल्या. "बाळ पहिलं माझ्या हातात घेणार." आन् त्या चिमट्याच्या दिशी, सांजच्याला मी फाटकातनं निघाले तवा वरनं आवाज आला, "बाळंतपणाला दुसरीकडं बघ. आमचं टेबल खराब होईल." हेला म्हणतात केसानं गळा कापणं.

मी फोनवर मालकास्नी सगळं सांगितलं. कुठनं आली म्हणल्या ते बी सांगितलं. लपवलं न्हाई.

मालक म्हणलं, "तू आधी रडू नगंस. मी उद्या माझं बी रक्त तपासतो. माझ्यात निघाली तर माझं पाप. न्हाई निघाली तर त्या बाईला इचारू."

त्यांच्यात न्हाई निघाली.

आत्याबाई मातूर घाबरल्या. काम सुटलं, गावी गेले तर माझं ताट येगळं, पाण्याचा तांब्या येगळा. त्यांना काय दोष देऊ? दवाखान्याच्या मालकिणीनं जे केलं तेच त्यांनी केलं, फक्त चिमटा नव्हता. त्या माझ्यामागं लागल्या, "माळ घालून यिऊ, एकदा उतरली व्हती की." कारण कावीळ मला आधी एकदा झाली व्हती, वरीस झालं असंल त्याला. डोळं हळदीवानी पिवळं, अन्नाचा वास नको व्हायचा, जिन्याची चार पायऱ्या चढवत नव्हत्या. वैनीसाहेब म्हणल्या, "बाहेरचं पाणी प्यायली असशील," आन् पंधरा दिस सुट्टी दिली. आमच्या तिकडं एक म्हातारा झाडपाल्याच्या देठांची माळ देतो. डोक्यावर ठेवायची. जसजशी कावीळ उतरंल तशी माळ मोठी होती आन् गळ्यात उतरती, कमरंला येती. माझी आली. सगळी म्हणली, झालं, उतरली. आमी म्हाताऱ्याला कोंबडी दिली.

मालक म्हणलं, "आता माळ न्हाई. सांगलीला सरकारी दवाखान्यात जायचं." मुंबईवरनं आलं, मला आन् आत्याबाईंना घेऊन गेलं.

तिथं एक पोरगेलीशी डॉक्टरीण व्हती. मी सवयीनं दाराशी खाली बसले.

"वर बसा की. खुर्ची रिकामी आहे."

"आवं, मला ती 'बी' कावीळ हाय."

"माहीत आहे. तुमचाच कागद वाचतेय. म्हणून खुर्चीवर बसायचं नाही का?"

मी बसले. असं ढसाढसा रडले की त्या बिचारीला कळंना काय झालं.

मंग तिनं सगळं उलगडून सांगितलं. आत्याबाईंना पुढं बसवून. म्हणली, काविळी सगळ्या एक नसतात. घाण पाण्यातनं, उघड्या अन्नातनं येती ती येगळी, तिला ए आन् ई म्हणतात. त्याला पाणी उकळून प्यायचं, हात धुवायचं. ही 'बी' रक्तातली. 'सी' सुदीक रक्तातलीच. दुसऱ्याची सुई, न्हाव्याचं एकाचं दुसऱ्याला लावलेलं पातं, जत्रेत एका सुईनं सगळ्यांना गोंदतात ते, नवरा-बायकोचा संबंध, आन् आयकडनं जन्मताना बाळाला. एका ताटात जेवून होत न्हाई. एका भांड्यानं पाणी पिऊन होत न्हाई. हात धरून न्हाई, मिठी मारून न्हाई.

आत्याबाईंनी इचारलं, "मंग ती माळ कशी मोठी झाली?"

"आजी, ओली देठं वाळली की माळ सैल पडते, लांबते. निरोग्या माणसाच्या डोक्यावर ठेवा, तेवढीच लांबेल. पिवळेपणा त्याचा त्यानं गेला. मोठ्या माणसांत बहुतेकांची ही कावीळ रक्तातनंही निघून जाते. हिची राहिली. म्हणून परत तपासायचं असतं."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. कोंबडीचं वाईट वाटलं असंल, मला सांगितलं न्हाई.

मंग डॉक्टरीण माझ्याकडं वळली. "तुम्हाला कधी सुई टोचली होती का?"

टोचली व्हती की.

आबा, माझा बा, मेंढराच्या पायातला काटा काढला की वाटंवर टाकायचा न्हाई. दगडाखाली घालायचा. "काढलेला काटा उघडा टाकू नगं, मागनं येणाऱ्याच्या पायात जातो," म्हणायचा. ते माझ्या हाडात बसलेलं. दवाखान्यात सिस्टर सुया उघड्याच ट्रेमधी टाकायच्या. मला बघवायचं न्हाई. मी एकेक सुई घ्यायची, तिचं टोपण हुडकायचं, नीट लावायचं आन् मंग टाकायची. कचरा न्हेणाऱ्या बाईच्या हातात जायला नको म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं, माझ्या मनानंच करायची, आन् चांगलं करते म्हणून करायची. वैनीसाहेब बघायच्या, कवा नको म्हणल्या न्हाईत. एका सकाळी टोपण चुकलं आन् सुई आंगठ्यात गेली, पार नखापतुर. मी पळत वैनीसाहेबांकडं गेले. "पिळून रक्त काढ आणि हळद दाब," त्या म्हणल्या. "एवढ्याशा सुईनं मरत नाहीस." त्या हसल्या, मी बी हसले. अडीच-तीन महिन्यांनी डोळं पिवळं झालं.

डॉक्टरिणीनं डोळं मिटलं, उघडलं. म्हणली, "टोपण लावतानाच तर सुई टोचते. वापरलेल्या सुईला कधीच टोपण लावायचं नसतं. ती तोडायला यंत्र असतं. तुमच्याकडं नव्हतं?"

व्हतं. कपाटात, प्लास्टिक न काढलेलं. तपासणीवालं आलं की ते टेबलावर यायचं, गेलं की परत कपाटात.

"आणि टोचल्यावर पिळायचं नाही. साबणानं, वाहत्या पाण्यानं धुवायचं. त्याच दिवशी सांगितलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं, कदाचित टळलं असतं. पण तुम्ही दवाखान्यात काम करता, तुम्हाला लस दिली असेलच ना? तीन डोस असतात. आत्ता एक, महिन्यानं एक, सहा महिन्यांनी एक."

"मला कसली बी लस दिली न्हाई," मी म्हणले.

म्हणले आन् बोटांवर परत मोजलं. आत्ता एक, महिन्यानं एक, सहा महिन्यांनी एक.

सही शिकल्यावर वैनीसाहेबांनी मला एक रजिस्टर दाखवलं व्हतं. "इथं कर." केली. महिन्याभरानं परत त्याच पानावर. मंग पुढं बऱ्याच महिन्यांनी तिसऱ्यांदा. कशावर करते इचारलं न्हाई. सही कराया मिळती ह्याचंच कौतुक! जीभ बाहेर काढून, नीट, एकेक अक्षर काढून केल्या मी त्या सह्या. त्यांनी पाठीवर थाप दिली व्हती.

बाहेर येऊन सुनंदा सिस्टरला फोन लावला. दवाखान्यातली थोरली सिस्टर ती. खोटं बोलवत नव्हतं तिला. "तुझ्या नावापुढं तीन डोस लिहिल्यात बाई," ती म्हणली. "खाली तुझी सही हाय. आमाला सिस्टरास्नी खरंच दिली लस. झाडलोटीवाल्यांना न्हाई दिली. वैनी म्हणल्या, ह्या बायका आज हायत उद्या न्हाईत, कशाला वाया घालवायची. शांताबाईचं बी तसंच हाय." फोन ठेवताना ती रडत व्हती. तिच्या रडण्याचं मी काय करू?

त्या दिसापासनं त्या बाईला 'त्या' म्हणाया माझं तोंड वळत न्हाई. चिमटा मी विसरले असते. गरिबाचा अपमान पावलापावलाला होतो, किती लक्षात ठेवायचं? पण जो हात धरून तिनं मला अक्षर शिकवलं, त्याच हातानं तिनं माझ्याकडनं माझं नुकसान लिहून घेतलं. मी तिला आय मानलं व्हतं. आय! आन् वरनं चारचौघात माझ्या चालीवर चिखल उडवला. चोराच्या उलट्या बोंबा.

माझ्या पत्र्याच्या पेटीत एक कागद व्हता. कामाला लागताना तपासलेल्या रक्ताचा. आधार कार्डाबरोबर घडी घालून ठेवलेला, काय लिहिलंय ते मला म्हाईत नव्हतं. पुढच्या खेपेला डॉक्टरिणीला दाखवला. तिनं दोनदा वाचला. "तेव्हा तुमचं रक्त साफ होतं," म्हणली. "हा कागद हरवू नका."

पर तवा मला कागदापरीस बाळाचं भ्या जास्त. डॉक्टरिणीनं काय लपवलं न्हाई. मोठ्या माणसाची कावीळ बऱ्याचदा जाती, पण जन्मताना बाळाला लागली तर बहुतेक जन्मभर राहती. लिव्हर खाती. माझ्या रक्तात विषाणू लय, म्हणून सातव्या महिन्यापासनं रोज एक गोळी. "बाळंतपण दवाखान्यातच," तिनं बजावलं. "घरी अजिबात नाही. जन्मल्यावर लगेच बाळाला लस आणि वरनं एक दुसरं इंजेक्शन. तासांचा हिशेब असतो. उशीर नाही चालायचा."

शेवटचा महिना मी सांगलीतच काढला, मालकाच्या चुलत बहिणीच्या खोलीत. माणमधनं निघून वाटंत कळा सुरू झाल्या तर? ह्या एका भीतीनं. पोरगी झाली. मी टेबलावरच, अंगात त्राण न्हाई, तरी वरडत व्हते, "लस द्या तिला, आधी लस द्या." नर्स म्हणली, "अगं दिली बाई, दोन्ही मांड्यांत दिली. बघ, कशी रडतेय." दूध पाजू का म्हणून तीनदा इचारलं. पाज म्हणल्या. मालकास्नी लस टोचली, आत्याबाईंना बी टोचली. त्यांनी स्वतः मागून घेतली.

मधल्या काळात मी त्या बाईला फोन केला व्हता. एवढंच म्हणले, "त्या रजिस्टराची नक्कल द्या." तिनं फोन ठेवला.

आन् पोरीच्या बारशाला ती आली.

आमच्या माणच्या घरात. दारात मोटार. खण, नारळ, झबली, चांदीचा वाळा. सगळी वाडी बघाया जमली. तिनं पोरीला उचललं न्हाई. वाळा पाळण्यात ठेवला, माझी ओटी भरली, गोड बोलली. "झालं ते झालं. घरातच भांडणं होतात." मंग पर्समधनं एक कागद काढला. "एवढी एक सही दे. लगेच कामावर ये. बाळाच्या सगळ्या तपासण्या आपल्याकडं."

मी कागद मालकाच्या हातात दिला. ते दहावी शिकल्यात. मोठ्यानं वाचाया सांगितलं, सगळ्यांच्या समोर. त्यांनी वाचलं. "मी लसीचे तिन्ही डोस घेतले आहेत. कामावर असताना मला कधीही सुई टोचलेली नाही. कावीळ मला कामाला लागण्याआधीपासून होती."

पोरगी पाळण्यात कुरकुरत व्हती.

मी आत गेले. फुलपात्र भरून पाणी आणलं आन् तिच्या म्होरं धरलं. तिनं ते वळखलं. नाव तिच्या तोंडासमोर व्हतं.

"लांबनं आलासा. पाणी घ्या."

"नको. तहान नाही."

"आवं, घ्या की. पाण्यानं होत न्हाई. डॉक्टरच्या घरात नांदता तुमी, तुमाला ठावं हाय."

तिनं हात पुढं केला न्हाई. इकडंतिकडं बघितलं. आत्याबाई चुलीपासनं उठल्या, माझ्या हातातनं फुलपात्र घेतलं आन् तिच्याकडं बघत घटाघटा सगळं पाणी प्यायल्या. पदरानं तोंड पुसलं. "आता बोला," म्हणल्या.

मी म्हणले, "वैनीसाहेब, सही तुमी शिकवलीसा. उपकार हायत. पर तवा मला वाचता येत नव्हतं आन् तुमाला येत व्हतं. ह्या कागदावर मी सही करणार न्हाई. आज न्हाई, कवाच न्हाई. वाळा घेऊन जावा."

"पस्तावशील," ती म्हणली. उठताना तिला चप्पल सापडंना.

मालकांनी त्याच आठवड्यात अर्ज लिहिला, जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या नावानं. सुईचं लिहिलं, कपाटातल्या यंत्राचं लिहिलं, रजिस्टराचं लिहिलं. रक्त साफ व्हतं त्या कागदाची झेरॉक्स जोडली. मी तीनदा वाचून घेतला, एक ओळ बदलाया लावली आन् खाली सही केली. आता फुलपात्राकडं बघावं लागत न्हाई.

पोरीचं रक्त नववा महिना सरल्यावर तपासायचं हाय. मधले डोस येळच्या येळी देतेय, एक दिस बी पुढंमागं होऊ दिला न्हाई. त्या रक्तात काय निघंल ते मला ठावं न्हाई. झोपंत तिचं डोळं उघडून पांढरं हाय का बघते, असं खुळ्यासारखं करते. साफ निघालं तरी अर्ज मागं घेणार न्हाई. न्हाई निघालं तर ती मोठी झाल्यावर मला इचारंल, आय, तू काय केलंस? तवा खाली मान घालायची येळ मी माझ्यावर येऊ देणार न्हाई.

शांताबाई अजून तिथंच हाय. त्याच ट्रेमधल्या सुया येचती. तिच्या नावापुढं बी तीन डोस लिहिल्यात, तीन अंगठं हायत. तिनं त्या दिशी डबा सरकवला, ते मी विसरले न्हाई. तरी उद्या पोरीला पाठीशी बांधून कडेगावला जाणार. दंडाला धरून तिला सांगलीला नेणार, तिचं रक्त तपासणार, खरी लस टोचून घेणार. मंग दुसरा अर्ज, तिच्या नावाचा. आधी तो सगळा तिच्यासमोर मोठ्यानं वाचाया लावणार. मंगच अंगठा.